लठ्ठपणावर मोफत सल्ला : ई-संजीवनीचा लाभ कसा घ्यावा?

वजन वाढले म्हणून मजुरी बुडवून शहरातल्या डॉक्टरांकडे जाणे अनेकांना परवडत नाही. मग मधुमेह किंवा रक्तदाब सुरू झाल्यावरच उपचार होतात. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी या टेलिमेडिसिन सेवेतून हा सल्ला गावात किंवा घरबसल्या, विनाशुल्क मिळतो.

आपल्याला गरज आहे का?
घरी टेपने कंबर मोजा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि महिलांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर सल्ला घ्यावा. भारतीयांमध्ये बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. उदा. उंची १५० सेंटिमीटर व वजन ५८ किलो असल्यास बीएमआय सुमारे २५.८ येतो. गर्भवती महिलांना ही मापे लागू नाहीत.

स्मार्टफोन नसल्यास
जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जा. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी वजन, रक्तदाब व साखर तपासून ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी जोडून देतात. ३० वर्षांवरील व्यक्तींचा तपासणी फॉर्म आशाताई भरतात. त्यात कंबरेचे मापही असते.

स्मार्टफोन असल्यास
१. ई-संजीवनी ॲप घ्या. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून नोंदणी करा.
२. त्रासाची माहिती भरा. जुने अहवाल असल्यास जोडा.
३. रांगेत आपली वेळ आली की डॉक्टर व्हिडिओवर बोलतात.
४. ई-प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा.

बोलण्यापूर्वी तयार ठेवा
वजन, उंची, कंबरेचे माप, सुरू असलेली औषधे आणि मागील तीन दिवसांचे खाणे. घरात महिन्याला किती तेल व साखर लागते, तेही सांगा. आपल्या घरी जे शिजते, त्यातच बदल सुचवण्याची विनंती करा.

एकदा बोलून थांबू नका
दर आठवड्याला एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला पुन्हा सल्ला घ्या. व्यायामाची नोंद ठेवण्यासाठी मोफत फिट इंडिया ॲप वापरता येते.

सावधान
या सेवेसाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नका. नोंदणीचा ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका. जाहिरात पाहून वजन उतरवणारी पावडर किंवा इंजेक्शन घेऊ नका. रक्तदाब व मधुमेहाची औषधे स्वतःहून बंद करू नका. छातीत दुखणे किंवा दम लागणे अशा वेळी ॲपवर थांबू नका, लगेच १०८ किंवा ११२ वर फोन करा.