त्रिपुरीची रात्र आणि तीन छायाचित्रे

त्रिपुरी पौर्णिमेस आमच्या गावच्या मंदिरातील पाषाणाची दीपमाळ पणत्यांनी उजळून निघते. वार्धक्यामुळे आमच्या मातोश्रींना आता मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून गतवर्षी कीर्तन आटोपताच आम्ही दीपमाळेची छायाचित्रे काढून त्यांच्यापुढे ठेवली. पहिले पाहून त्या म्हणाल्या, "अरे, या ज्योती की कापसाचे बोळे?" दुसऱ्यात ज्योती रेखीव होत्या, परंतु दीपमाळ अंधारात बुडाली होती.

हा केवळ यंत्राचा दोष नव्हे. मनुष्याचा डोळा ज्योतीवरून पाषाणाकडे वळताना स्वतःस जुळवून घेतो; कॅमेऱ्यास मात्र एका चित्रापुरते प्रकाशाचे एकच प्रमाण धरावे लागते. यावरील उपाय जुना आहे. फ्रान्सचे गुस्ताव्ह ले ग्रे यांनी १८५० च्या दशकात आकाशाची एक व समुद्राची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून काही सागरचित्रे सिद्ध केली. पुढे १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि मथुरेत जन्मलेले जितेंद्र मलिक यांनी, कमीअधिक प्रकाशात घेतलेल्या चित्रांवरून दृश्यातील प्रकाशाचे खरे प्रमाण गणिताने काढण्याची रीत मांडली.

आमच्या नातवाने दुसऱ्या दिवशी, पणत्या पुन्हा लागल्यावर, हीच वाट धरली. कॅमेरा ट्रायपॉडवर बसविला. अ‍ॅपर्चर, आयएसओ व फोकस कायम ठेवले. केवळ शटरचा वेळ बदलला. सेकंदाचा १/८, मग १/३०, मग १/१२५ भाग. दर पायरीस प्रकाश सुमारे एक चतुर्थांश उरतो. पहिल्या चित्रात पाषाण उमटला, तिसऱ्यात ज्योती, आणि मधल्याने दोहोंस सांधले. वाऱ्याने हललेल्या ज्योती मिलाफात दुहेरी दिसू लागल्या, तेव्हा त्या एकाच चित्रातून घेतल्या.

सारे कसे लख्ख झाले! आम्ही कौतुकाने चित्र मातोश्रींना दाखविले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या व म्हणाल्या, "सगळं दिसतंय रे, पण रात्र कुठं गेली?"

आम्ही निरुत्तर झालो. नातवाने सावल्या पुन्हा गडद केल्या. आकाश काळे झाले, पाषाण ज्योतींपुरताच उजळला. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी हात जोडले.

यंदा त्रिपुरीस कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांनी तीन चित्रे अवश्य घ्यावीत. मात्र ती जुळविताना थोडा अंधार राखून ठेवावा.