गाठ दुखत नाही, म्हणून थांबलो

आमच्या वस्तीतल्या एका भावाच्या मांडीत गाठ आली. हमालीचे काम, तेव्हा वजन उचलून शीर चढली असेल असे घरच्यांना वाटले. तेल चोळून झाले, शेकून झाले. दुखत नव्हती, म्हणून वर्ष गेले. मग जवळच्या दवाखान्यात जागा बधिर करून गाठ काढली. तपासायला पाठवलीच नाही. चार महिन्यांत ती त्याच जागी परत आली. तेव्हा कळले, हा सॉफ्ट टिश्यू सार्कोमा.

चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या अशा मऊ भागांत होणारा हा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या 100 कॅन्सरांत एखादाच असा निघतो. विहारात हा विषय काढला तेव्हा दोघी-तिघींनी लगेच दंडावरच्या गाठी दाखवल्या. बहुतेक गाठी साध्या चरबीच्याच असतात. पण गाठ 5 सेंटीमीटरहून, म्हणजे मोठ्या लिंबाहून मोठी असेल, वाढत असेल, खोल बसली असेल किंवा काढून परत आली असेल, तर कापण्याआधी एमआरआय आणि सुईने तुकडा घेऊन बायोप्सी हवीच. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असे आपल्याकडे फार ऐकू येते. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्याने सुई घातली, तर तिची वाटही तो गाठीबरोबर काढू शकतो. नुकसान होते ते अर्धवट कापण्याने. पेशी आजूबाजूच्या मांसात राहतात आणि पुढचे ऑपरेशन मोठे होते.

गाठ कुठे आहे यावर पुढचे बरेच ठरते. हातापायांत, त्यातही मांडीत, ती जास्त आढळते. पूर्वी सरळ पाय काढत. 1982 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचा हात-पाय काढला, काहींची फक्त गाठ निरोगी मांसाच्या वेढ्यासह काढून शेक दिला. जगण्यात फरक पडला नाही. आज पाय काढण्याची वेळ क्वचितच येते.

पोटाच्या मागच्या भागातली गाठ मात्र फसवी. जागा मोकळी, त्यामुळे कलिंगडाएवढी होईपर्यंत कळत नाही. पोट सुटले किंवा गॅस झाला असे वाटते. ती काढताना कधी मूत्रपिंड, कधी आतड्याचा तुकडाही जातो. तरी चहूबाजूंनी निरोगी वेढा मिळत नाही, म्हणून ती तिथेच परत येण्याचा धोका मोठा. वर्षानुवर्षे स्कॅन करावे लागतात. डोक्या-मानेतही डोळा, नसा, रक्तवाहिन्या इतक्या जवळ असतात की सर्जनला हात आखडता घ्यावा लागतो. छाती-पोटाच्या भिंतीतली गाठ काढल्यावर तिथे जाळी बसवतात.

हा आजार पसरला तर बहुधा फुप्फुसात. म्हणून छातीचा स्कॅन चुकवू नये.

खर्चाचे आधी विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड, आधार घेऊन त्याला भेटा. बाहेर ऑपरेशन झाले असेल तर पॅथॉलॉजीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या. परळच्या टाटा रुग्णालयात जाताना ते सोबत हवेत.

आमच्या भावाकडे त्यातले काहीच नव्हते. दुसऱ्या ऑपरेशनात मांडीचा बराच स्नायू गेला, शेक घ्यावा लागला. पाय वाचला. तो किंचित लंगडतो, हमाली सुटली. आता कोपऱ्यावर भाजीची गाडी लावतो आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो.