मानमोडीची वंशावळ

१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएंझाला मराठी मुलखाने ‘मानमोडी’ म्हटले. सप्टेंबरात उसळलेली दुसरी लाट अधिक घातक निघाली; देशभरात एक कोटीहून अधिक माणसे गेली. माणसांतला हा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ साली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. तो विषाणू आता हंगामी फ्लूमध्येच मिसळला आहे.

आपल्याकडे फ्लू दोनदा डोके वर काढतो : पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्चदरम्यान. पोशेरा ज्या मोखाडा तालुक्यात आहे, तिथली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. दाटीच्या झोपडीत एकाचा खोकला सर्वांचा होतो, आणि मजुरी बुडू नये म्हणून ताप अंगावर काढला जातो. धडधाकट माणूस आठवडाभरात उठतो. कुपोषित मूल, गरोदर बाई, म्हातारे व दमेकरी यांना मात्र न्यूमोनिया गाठू शकतो.

विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. ती सहा महिन्यांवरील बाळालाही चालते. संरक्षण मिळायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे ती गाव सोडण्याआधी मिळायला हवी. खोकताना तोंडावर फडके, साबणाने हात धुणे, झोपडीत खेळती हवा हे उपाय स्वस्त आहेत. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. फ्लूचे औषध पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक उपयोगी पडते. धाप लागली, ओठ निळसर पडले किंवा श्वास घेताना मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर दवाखाना त्याच दिवशी गाठावा. त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल.