सरपंचाची शिट्टी

आमच्या मावळात गावाचा सरपंच वेगळा आणि कबड्डीच्या मैदानातला वेगळा. मैदानातल्या मुख्य पंचालाही आपण सरपंचच म्हणतो. त्याची शिट्टी आपल्या संघाविरुद्ध वाजली, की कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत एकच आरोळी उठते, ‘पंच विकला गेला!’

खरी गोम असते ती राखीव पट्ट्यात. दोन्ही बाजूंचा हा मीटरभर पट्टा स्पर्श होईपर्यंत मैदानाबाहेर, स्पर्श होताच मैदानात. म्हणजे पंचाने पाय आणि हात एकाच क्षणी पाहायचे! ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत, अंतिम सामन्यात भारत-इराण २८-२८ असे बरोबरीत होते. पवन सेहरावत कुणालाही न शिवता या पट्ट्यात गेला. मागोमाग इराणचे बचावपटूही. गुण कुणाला, किती? जुना नियम एक सांगे, नवा दुसरेच. निर्णय फिरत राहिला, खेळ जवळपास तासभर थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला.

तिथे कॅमेरे होते, तरी वाद झालाच. कारण भांडण दिसण्याचे नव्हते, नियमाचे होते. गावच्या मैदानात तर कॅमेराही नसतो. म्हणून सामन्याआधीच कोणता नियम लागू, ते कर्णधारांना आणि भोंग्यावरून प्रेक्षकांनाही सांगावे. आणि चुकलेल्या पंचाला चुकला म्हणावे, विकला म्हणू नये. गेलेला गुण पुढच्या चढाईत परत मिळवता येतो. गेलेली अब्रू नाही. असा डाग लागलेला माणूस पुन्हा शिट्टी हाती धरणार नाही. मग खेळवणार कोण?