फोटोग्राफरची धोपटी

न्हाव्याची धोपटी, वैद्याचा बटवा, गवंड्याची थापी-ओळंब्याची पिशवी, पोस्टमनची खाकी झोळी. प्रत्येक व्यवसायाची अशी एक पिशवी असते आणि ती उघडून पाहिली, की तो व्यवसाय निम्माअधिक कळतो. फोटोग्राफरची बॅग मात्र आपण आतून फारशी पाहिलेली नसते. लग्नात, मिरवणुकीत, बारशाला ती आपल्या डोळ्यांसमोरच असते. पण तो तीत हात घालून काहीतरी काढत असतो, तेव्हा आपण नेमके केस सारखे करण्यात गुंतलेले असतो.

माझी तीसएक वर्षं बँकेत गेली. त्यामुळे कुठलीही बॅग दिसली, की आत काय आहे, ते किती किमतीचं आहे आणि चोरीला गेलं तर पुढे काय, हे तीन प्रश्न मनात आपसूक उभे राहतात. कादंबऱ्या लिहायला लागल्यापासून त्यात चौथ्याची भर पडली आहे: ही वस्तू हा माणूस जवळ का बाळगतो? फोटोग्राफरच्या बॅगेला हा चौथा प्रश्न विचारला, की मोठी गंमत सुरू होते.

आज खांद्याला अडकवता येणारी ही बॅग एके काळी गाडीत घालून न्यावी लागत असे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची पद्धत जाहीर केली. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचं आणि सुकायच्या आत धुवायचीसुद्धा. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे फोटोग्राफर जिथे जाईल तिथे त्याची अंधारी खोलीही गेलीच पाहिजे! १८५५ मध्ये रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धावर गेला, तेव्हा त्याने एका मद्यविक्रेत्याची गाडी विकत घेऊन तिचीच अंधारी खोली केली. सोबत पाच कॅमेरे, ७०० काचा आणि ३६ पेटारे. सॅम्युअल बोर्न हिमालयात हिंडला तो हमालांचा तांडा घेऊन. १८६६ मध्ये मनिरंग खिंडीत, साधारण १८,६०० फुटांवर, त्याने फोटो घेतले. जिथे श्वास घेणं मुश्कील, तिथे तंबूत शिरून काचा धुवायच्या!

आपली मुंबईही यात मागे नव्हती. १८५४ मध्येच इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. चांदीच्या क्षाराने बोटं काळी पडत. फोटोग्राफर ओळखायचा तो त्याच्या बोटांवरून.

मग ही अंधारी खोली सामानातून गेली कशी? आधी कोरड्या काचा आल्या. त्या घरून तयार करून न्याव्यात आणि परतल्यावर निवांत धुवाव्यात. पाठोपाठ १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक आला. पंचवीस डॉलरच्या त्या पेटीत शंभर फोटोंची फिल्म भरूनच मिळे. शंभर संपले, की पेटी जशीच्या तशी कारखान्याकडे पाठवायची. पुढची कटकट कारखान्याची. पण खरी किमया केली ती जर्मनीतल्या ऑस्कर बार्नाक या कारागिराने. त्याला दम्याचा त्रास होता. डोंगरात फिरायला जाताना अवजड कॅमेरा आणि काचा झेपेनात. तेव्हा त्याने सिनेमाची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा घडवला. १९२५ मध्ये तो 'लायका' या नावाने बाजारात आला. एका रोलवर छत्तीस फोटो, हा जो आकडा आपल्या पिढीच्या तोंडी बसला, तो या घराण्यातला. एका माणसाचा दमा साऱ्या जगाच्या खांद्यावरचं ओझं उतरवून गेला, असं म्हटलं तर फारसं वावगं होऊ नये.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा थोर फ्रेंच छायाचित्रकार बहुतेक काम हा लायका आणि पन्नास मिलिमीटरची एक लेन्स यांवर करी. कॅमेऱ्याचा चकचकीत भाग लोकांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून तो त्यावर काळी पट्टी चिकटवी. जानेवारी १९४८ मध्ये तो दिल्लीत होता. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे त्याने घेतलेले फोटो जगभर गेले.

त्याच दिल्लीत होमाई व्यारावाला काम करत होत्या. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे.मध्ये. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्याकडे स्पीड ग्राफिक हा दांडगा कॅमेरा होता. चार बाय पाच इंचांची सुटी फिल्म, एका खोक्यात दोनच. दोन फोटो झाले, की खोकं बदलायचं. फ्लॅशचा बल्ब तर एकदाच पेटे. मग तो काढून दुसरा लावायचा. साडी नेसून, हे सारं सामान घेऊन त्या सायकलवरून दिल्लीभर हिंडत. गर्दीत पुरुष फोटोग्राफरांच्या कोपरांना तोंड देत बल्ब बदलणं काय असेल, याची कल्पना करून पाहा. ३० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाऊसच्या प्रार्थनासभेला जायला त्या निघालेल्या होत्या. पण पतीच्या सांगण्यावरून अर्ध्या वाटेतून परतल्या. ती चुटपुट त्यांना जन्मभर लागून राहिली. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. बॅग कितीही जय्यत असली, तरी ती योग्य वेळी योग्य ठिकाणी असावी लागते. ती सोय मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आता माझ्या अनुभवातली एक बॅग. १९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. सुशिक्षित बेकार तरुणांना एक लाखापर्यंत कर्ज, तारण फक्त त्या पैशातून घेतलेल्या मालाचं. मी तेव्हा कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एका तरुणाला फोटो स्टुडिओसाठी कर्ज दिलं होतं आणि माल प्रत्यक्षात आहे की नाही हे पाहायला मी गेलो. त्याने बॅग टेबलावर रिकामी केली. पेंटॅक्स के-१००० हा नवा कॅमेरा, जुन्या बाजारातून घेतलेला एक याशिका, दोन फ्लॅशगन. हे सारं कोटेशनशी जुळलं. पण वस्तू संपेनात. पेन्सिल सेलच्या चार जोड्या. छोटा स्क्रूड्रायव्हर. काळी चिकटपट्टी. टॉर्च. सेफ्टी पिनांचा झुबका, कंगवा, पावडरचा डबा. रडणाऱ्या पोरांसाठी खुळखुळा आणि लिमलेटच्या गोळ्या. दोन बाह्या शिवलेली एक जाड काळी पिशवी. स्कूटरला बांधलेला थर्माकोलचा तुकडा, उजेड नवरीच्या चेहऱ्यावर परतवायला.

मी काळी पिशवी उचलून विचारलं, "हे काय?"

"रोल कॅमेऱ्यात अडकला, तर उजेडात उघडता येत नाही ना, साहेब. पिशवीत कॅमेरा घालायचा, बाह्यांतून हात घालायचे आणि चाचपडत रोल सोडवायचा."

"आणि जुना कॅमेरा कशाला? नवा आहे की."

तो हसला. म्हणाला, "साहेब, मंगलाष्टकं पुन्हा म्हणायला लावता येत नाहीत."

मला एकदम आमचा ताळेबंद आठवला. बँका बुडीत कर्जांसाठी 'तरतूद' करतात. बुडेलच असं नाही, पण बुडालं तर हात हलवत बसायला नको म्हणून. त्या बॅगेत मालापेक्षा तरतूदच जास्त होती. दुसऱ्याच्या घरचा जो क्षण पुन्हा येणार नाही, त्याची जोखीम या पोराने स्वतःच्या खांद्यावर घेतली होती, आणि त्याच्या डोक्यातली एकेक भीती त्या बॅगेत एकेक वस्तू होऊन बसली होती. नवरीची पिन तुटेल, वीज जाईल, सेल संपतील, पोर रडेल.

कर्ज त्याने मुदतीत फेडलं. पुढे डिजिटल कॅमेरे आले. गमतीची गोष्ट अशी, की पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने बनवला होता. वजन साडेतीन किलोंच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद. त्याच लाटेत पुढे २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मग तालुक्याच्या स्टुडिओची काय कथा? आमच्याकडे तारण असलेला सगळा माल काही वर्षांत भंगाराच्या भावाचा झाला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. सांगली-कोल्हापूरकडची घरंच्या घरं दिवसेंदिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर लोक अंगणात चिखल उपसत होते आणि त्या चिखलात लग्नाचे अल्बमही होते. पानं एकमेकांना चिकटलेली, चेहरे धुऊन गेलेले. मी त्या गावी गेलो तेव्हा आमचा फोटोग्राफर पन्नाशीला टेकला होता. दुकान पाण्याखाली गेलं होतं. पण घराच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत त्याच्या साऱ्या निगेटिव्ह कोरड्या होत्या. प्रत्येक पाकिटावर आडनाव आणि लग्नाची तारीख. मुलाने स्कॅनर आणला होता आणि लोक येऊन तारीख सांगत होते. माझ्यासमोर एक बाई आल्या. त्यांना अल्बम नको होता. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झालेली, भिंतीवरची तसबीर पुरात गेलेली. लग्नातला त्याचा एकट्याचा फोटो असला तर हवा होता. तो सापडला. बाशिंग बांधलेला, थोडा घाबरलेला. बाईंनी पैसे विचारले, तेव्हा त्याने कागदापुरते सांगितले.

आमच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये निगेटिव्हसाठी रकाना नव्हता.

आजच्या लग्नाच्या फोटोग्राफरची बॅग उघडली, तर यादी बदललेली दिसते, तरतूद तीच. दोन कॅमेरे. प्रत्येकात दोन कार्डं, एकच फोटो दोन्हींवर उमटावा म्हणून. दूरचं जवळ आणणारी दीड किलोची लेन्स आणि अंधुक उजेडासाठी पन्नास मिलिमीटरची छोटी. धूळ उडवायचा रबरी फुगा, पुसायचं मऊ फडकं, आणि दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते आणि पन्नास हजारांची काच आंधळी होते. वारी टिपणारे दोन कॅमेरे गळ्यात घालतात, कारण रिंगणाचा अश्व लेन्स बदलेपर्यंत थांबत नाही. ताडोबाच्या जिप्सीत तिपाई उभी करायला जागा नसते, म्हणून लोक रिकामी थैली नेतात, तिथल्या बाजारात तांदूळ घेऊन भरतात, आणि तीवर लेन्स टेकवून वाघाची वाट पाहतात. परतताना थैली रिकामी. तांदूळ अर्थातच वाया जात नाहीत!

एवढा सारा सरंजाम, पण प्राण कशात असतो? जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांनी निघताना हॅसलब्लाड कॅमेरा तिथेच ठेवला आणि फिल्मची डबी तेवढी आणली. परतीच्या यानात वजनाचा हिशेब काटेकोर. जगातला एक उत्तम कॅमेरा टाकून देता आला, डबी नाही. याच्या नेमकी उलट गोष्ट एव्हरेस्टवरची. जून १९२४ मध्ये मॅलरी आणि अर्विन शिखराकडे निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ सहकारी सॉमरव्हेल यांचा खिशात मावणारा कोडॅक होता. हे सॉमरव्हेल पुढे कित्येक वर्षं त्रावणकोरात नेय्यूरच्या रुग्णालयात शल्यविशारद होते. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, अर्विनच्या पायाचा अवशेष २०२४ मध्ये. कॅमेरा अजून सापडलेला नाही. ते शिखरावर पोचले होते का, या शंभर वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित त्या फिल्मच्या गुंडाळीत असेल.

आता आपल्या सगळ्यांच्याच खिशात कॅमेरा आहे. बॅग नाही, काळी पिशवी नाही, जास्तीचे सेल नाहीत. नातवाने एका सहलीत काढलेले फोटो मोजले, तर माझ्या लग्नाच्या अल्बमच्या दसपट भरतात, आणि त्याबद्दल नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. बरोबर ओझं नाही म्हणून तर ज्यांना पूर्वी कुणी फोटोत घेतलं नसतं, ती माणसंही आज फोटोत आहेत. पण बॅगेबरोबर तरतूदही गेली. फोन हरवला, बिघडला, पाण्यात पडला, की वर्षांची वर्षं जातात. पूर्वी आपल्या वतीने भिणारा एक माणूस असे आणि त्याचे आपण पैसे मोजत असू. आता ते भिणं आपलं आपणच करायला हवं.

ते फार अवघडही नाही. वर्षअखेरीला घरच्या माणसांनी एकत्र बसावं आणि हजारांतून छत्तीस फोटो निवडावेत. कुठले ठेवायचे यावर भांडण होईल, होऊ द्यावं. मग ते कागदावर छापून घ्यावेत, मागे नाव आणि तारीख लिहावी, एक प्रत वेगळ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे किंवा लेकीकडे ठेवावी. आणि स्वतःची प्रत माळ्यावर ठेवावी, तळमजल्यावर नको.