विडिया झिजतं कसं?

काँक्रीटच्या भिंतीला भोक पाडायचं ड्रिल बिट हातात घेऊन त्याचं टोक बघा. दांडा पोलादाचा, टोकाशी मात्र एक करडी टिकली डाख देऊन बसवलेली. वर्कशॉपमध्ये तिला सरसकट ‘विडिया’ म्हणतात. क्रुप या जर्मन कंपनीनं १९२६ साली ठेवलेलं हे नाव, ‘हिऱ्यासारखं’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून. मूळ गरज होती दिव्याच्या तारेची. टंगस्टनची बारीक तार ओढायला हिऱ्याच्या डाय लागत आणि त्या फार महाग पडत. बर्लिनच्या ओसराम कंपनीतल्या कार्ल श्र्योटर यांनी १९२३ मध्ये त्यावर तोड काढून पेटंट घेतलं.

टंगस्टन कार्बाइडच्या भुकटीत थोडं कोबाल्ट मिसळून दाबायचं आणि सुमारे १४०० अंशांवर भाजायचं. शुद्ध कोबाल्ट वितळतं १४९५ला. पण टंगस्टन आणि कार्बन त्यात विरघळले की ते आधीच पातळ होतं आणि कणाकणांमधल्या फटींत शिरतं. वडी आक्रसून जवळजवळ निम्मी होते. शेंगदाण्याच्या चिक्कीसारखाच हा प्रकार: दाणे कार्बाइडचे, गूळ कोबाल्टचा.

झीजही चिक्कीसारखीच होते, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. वाळूचा कण पोलादाला ओरखडतो, कारण तो त्याहून कठीण असतो. कार्बाइडपुढे त्याचं काही चालत नाही. मग झीज सुरू होते ती मऊ कोबाल्टपासून. वारंवारच्या दाबानं ते कणांमधून बाहेर पिळलं जातं, खरवडलं जातं. आधार गेलेला कण तडकतो आणि उखडून निघतो. म्हणून कण बारीक केले, कोबाल्ट कमी केलं, की मधला थर पातळ होतो आणि झीज मंदावते. पण कोबाल्टच भेग अडवतं. लेथच्या टूलला सहा टक्के पुरतं. पत्रा कापणाऱ्या, धक्के खाणाऱ्या डायला पंधरा-वीस टक्केही लागतं.

पोलाद कापताना प्रकरण वेगळं. तापलेल्या चिपमध्ये कार्बाइडच विरघळू लागतं आणि टूलच्या माथ्यावर खळगा पडतो. त्यासाठी मिश्रणात टायटॅनियम कार्बाइड घालतात, किंवा वर काही मायक्रॉनचा लेप देतात.

धार लावताना तापलेली टिकली लगेच पाण्यात मात्र बुडवू नका. बाहेरचा भाग एकदम आक्रसतो, आतला गरमच राहतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. पुढच्या कामात टवका उडतो तो तिथूनच.