दरबाराबाहेरचे गाणे

नाशिकच्या पंचवटीत पंडित पलुस्करांच्या नावाचे सभागृह आहे. हे पलुस्कर नेमके कोणते, असा प्रश्न नव्या पिढीतील श्रोत्याला पडला तर नवल नाही, कारण या शहराचा संबंध पितापुत्र दोघांशीही आहे. पुत्र दत्तात्रेय यांचा जन्म १९२१ मध्ये नाशिकचा. आणि पिता विष्णु दिगंबर यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात येथेच आश्रम थाटला. संस्थानिकाचा आश्रय न घेता केवळ लोकांच्या बळावर गवयाला सन्मानाने जगता येईल काय, या प्रश्नाचा पिच्छा विष्णु दिगंबरांनी जन्मभर पुरविला. त्यासाठी त्यांना मोजावी लागलेली किंमत मात्र त्यांच्या कीर्तीइतकी सर्वपरिचित नाही.

कुरुंदवाड संस्थानात १८ ऑगस्ट १८७२ रोजी त्यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. त्या काळच्या समाजात कीर्तनकाराला मान होता, गवयाला नव्हता. कीर्तनकाराच्या पाया पडणारे लोक गवयाला पंक्तीत शेजारी बसवून घेताना बिचकत. विष्णूच्या वाट्याला कदाचित वडिलांचीच वाट आली असती. पण बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाचा स्फोट तोंडाजवळ झाला आणि त्याची दृष्टी कायमची अधू झाली. उपचारासाठी मिरजेस नेलेल्या या मुलाला पुढे तेथेच पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकण्याची संधी मिळाली. ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बुवा हे त्या काळचे फार मोठे गुरू, आणि मिरज संस्थानचा आश्रय असल्याने शिष्याच्या पोटापाण्याचीही सोय झालेली.

ही सोयच त्यांना पुढे बोचू लागली. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबरांना आले, परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही. कारण काय, तर ते गवई, अशी एक हकिकत त्यांच्या चरित्रासंबंधी नेहमी सांगितली जाते. तपशील काहीही असो, १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. गुरुशिष्यांच्या संबंधातही तोवर ताण आला होता. तरुण गायकाने त्या काळी घ्यावा असा हा निर्णय नव्हता. दरबार सोडला की गाण्याला गिऱ्हाईक कोण, हाच व्यवहाराचा प्रश्न होता.

पुढील काही वर्षे त्यांनी बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, पंजाब अशी भ्रमंती केली. संस्थानिकांपुढे ते गायले, बिदागी घेतली, पण कोठेही नोकरीस राहिले नाहीत. मथुरेत ब्रज भाषा समजून घेतली, चंदन चौबे यांच्याकडून ध्रुपदाचे शिक्षण घेतले. सौराष्ट्रात त्यांनी जाहीर जलसा केला. प्रवेशमूल्य देऊन कोणीही यावे आणि शास्त्रीय गाणे ऐकावे, ही कल्पना आज इतकी साधी वाटते की तिचे नावीन्य ध्यानात येत नाही. तोवर हे गाणे राजवाड्यात, देवळात किंवा कोठीवर होई. तिकीट विकत घेणारा श्रोता गवयाचा धनी नसतो. दुसऱ्या दिवशी त्याची मर्जी सांभाळावी लागत नाही. विष्णु दिगंबरांच्या स्वातंत्र्याची पहिली पायरी म्हणजे हे तिकीट.

दुसरी पायरी शाळेची. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. संगीताची शाळा त्यापूर्वी बडोद्यात होती, पण ती गायकवाड सरकारच्या खर्चाने चाले. लाहोरची शाळा वर्गण्या, शुल्क आणि संस्थापकाच्या जलशांची कमाई यांवर उभी होती. गुरूच्या घरी पाणी भरून, त्याच्या लहरीप्रमाणे कधीतरी मिळणारी विद्या येथे वेळापत्रकात आली. वर्ग, इयत्ता, परीक्षा आणि क्रमिक पुस्तके. त्यासाठी त्यांनी स्वतंत्र स्वरलेखन पद्धती बांधली. स्वराखाली खुणा करून त्याचे मात्रामूल्य दाखविणारी ही पद्धती बारकाव्यांनी समृद्ध आहे, पण शिकण्यास अवघड. पंडित भातखंड्यांची सुटसुटीत पद्धती पुढे अधिक रूढ झाली, हे मान्य करावयास हवे. कुलीन घरांतील स्त्रियांनाही येथे गाणे शिकता येऊ लागले आणि त्यांना शिकविण्यात पत्नी रमाबाई यांचाही वाटा होता.

त्याची दुसरी बाजूही आहे. कुलीन घरांत शिरण्यासाठी गाण्याला सोवळे नेसावे लागले. बंदिशींतील शृंगार गाळून तेथे भक्ती आली. ज्या मुसलमान उस्तादांनी आणि कलावंतिणींनी ही विद्या शतकानुशतके सांभाळली, त्यांना या नव्या व्यवस्थेत फारशी जागा उरली नाही, असा आक्षेप इतिहासकार जानकी बाखले यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात साधार मांडला आहे. विष्णु दिगंबरांच्या थोरवीला त्यामुळे बाध येत नाही, पण त्यांच्या कार्याचा हिशेब मांडताना हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय काढले आणि येथे त्यांची झेप सर्वांत मोठी होती. ‘उपदेशक’ म्हणून तयार होणारे विद्यार्थी विद्यालयातच राहत; त्यांच्या जेवणाखाण्याचा भार विद्यालयावर असे आणि पुढे त्यांनी गावोगावी जाऊन शिकवावे, अशी अपेक्षा असे. जोडीला पुस्तकांचे प्रकाशन आणि वाद्यदुरुस्तीची सोय होती. मग सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत उभी राहिली, ती कर्ज काढून. येथे गणित चुकले. शुल्क देणारे थोडे, फुकट जेवणारे पुष्कळ, आणि व्याज भागवायचे ते एका माणसाच्या गळ्याने. दौरा चांगला झाला की हप्ता भरला जाई. नाही झाला की सावकार दारात. दरबाराचा आश्रय नाकारणाऱ्या माणसाला बाजाराचे देणेकरी व्हावे लागले. त्यातच त्यांचे मन मैफलीवरून उडून रामनामाकडे वळले. भगवी वस्त्रे आली, जलसे कमी झाले, उत्पन्न आटले. १९२०च्या दशकाच्या मध्यास इमारतीचा लिलाव झाला.

नाशिकचे पर्व या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. १९२२ मध्ये त्यांनी येथे रामनाम आधार आश्रम स्थापला होता. मुंबई हातची गेल्यावर हाच त्यांचा खरा आधार ठरला. तुळसीदासांच्या रामायणाचे गायन, भजन आणि सोबत राहणारे मोजके शिष्य, असे दिवस गोदाकाठी जात. देशाच्या सार्वजनिक जीवनातून मात्र ते निवृत्त झाले नव्हते. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात असत. १९२३च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनाला हरकत घेतली, तेव्हा हे राष्ट्रीय व्यासपीठ आहे असे बजावून त्यांनी गीत पूर्ण केले. ‘रघुपती राघव’ची परिचित चाल त्यांचीच मानली जाते. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात संगीत सांभाळीत आणि १९३०च्या दांडीयात्रेत गांधीजींबरोबर चालले.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी, ज्या मिरजेतून ते पस्तीस वर्षांपूर्वी बाहेर पडले होते तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या ‘विशारद’, ‘अलंकार’ परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात. बी. आर. देवधर मुंबईत, विनायकराव पटवर्धन पुण्यात, ओंकारनाथ ठाकूर काशीत, अशी शिष्यमंडळी आपापल्या संस्थांत रमली. इमारत सावकारांकडे गेली, माणसे राहिली.

बारा अपत्यांपैकी एकटेच जगलेले दत्तात्रेय त्या वेळी जेमतेम दहा वर्षांचे होते. वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी, त्यांना घडविले. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात ते गायले. वडिलांना दाराशी जाऊन मिळवावा लागलेला श्रोता मुलाला आकाशवाणी आणि ध्वनिमुद्रिकांनी घरबसल्या मिळवून दिला. १९५२च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात अकबराच्या दरबारातील जुगलबंदी आहे. तिच्यात दरबारी तानसेनासाठी अमीर खाँ गायले आहेत आणि बाहेरून आलेल्या बैजूचा आवाज दत्तात्रेय विष्णु पलुस्करांचा आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले.